उरलेलं उत्तर

४ मार्च, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलं. टीव्हीवरच्या ‘थेट उत्तर’ प्रश्नमंजूषावाल्यांनी काल जाहीर केलं की यंदा घरबसल्या फोनवरून स्पर्धक निवडणार. म्हणजे मी तिथे जाणार हे उघड आहे. आणि माणूस एकदा पडद्यावर दिसला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली? तेव्हा त त प प व्हायला नको. लिहिलेलं असलं की बरं.

माझं काम काचेचं. खिडक्या, आरसे, दुकानांची दर्शनी तावदानं. घरात आम्ही चौघं. मी, ही, आमची बारकी आणि माझी आई. ही घरी बसून लोकांचे कपडे उसवते, आत घेते, सैल करते. दिवसभर शेजारी रेडिओ चालू. बारकी शाळेत जाते आणि हल्ली उंच होत चालली आहे. आई जपमाळ ओढल्यासारखी माझं नाव घेत असते, बाकी तिला काम नाही.

कार्यक्रम लागला की आमच्या घरी नियम आहे. चार पर्याय दिसले की प्रत्येकाने आपलं उत्तर मोठ्याने सांगायचं. सर्वांत लहान आधी. म्हणजे बारकी, मग ही, मग आई आणि शेवटी मी. आणि एकाने घेतलेलं उत्तर दुसऱ्याने घ्यायचं नाही. नक्कल करून कुणी शहाणं होत नाही. नियम माझ्या वडिलांचा, मी पुढे चालवला.

आज विचारलं, कोणत्या प्राण्याला तीन हृदयं असतात? बारकी म्हणाली मगर. ही म्हणाली देवमासा. आई म्हणाली कासव. मी म्हटलं, ऑक्टोपस! आणि कोटवाला (सूत्रसंचालकाला मी कोटवाला म्हणतो, रोज नवा चकचकीत कोट) म्हणाला, बरोबर. रोज हेच. तीन बायका, तीन चुका आणि मग मी. कधी कधी दया येते तिघींची.

एकच गोष्ट डोक्यात जाते. हिच्या मांडीवर बटणांचा पत्र्याचा डबा असतो. प्रश्न पडला रे पडला की ही त्यावर बोट वाजवते. टक टक. कधी एकदाच, कधी चारदा. डोकं रिकामं असलं की बोटं चालतात, दुसरं काय.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात सकाळी चहाला शेजारचा रंगारी येतो. हाताला कायम रंग, आणि तोंडाला कायम शंका. कालच्या भागाची चर्चा निघाली. मी सांगितलं, काल एकही चुकलो नाही. तो म्हणाला, ‘रोजच कसा काय चुकत नाहीस रे तू? इथे तर हिशेबाला आमच्या पोऱ्याला हाक मारतोस.’

मी हातातला काच कापायचा हिरा त्याच्या नाकासमोर धरला. ‘घरी येऊन बघ.’

‘येतो की. उद्याच येतो. आधी ते खाली ठेव, डोळा फोडशील माझा.’

ठेवला. पण त्याने दचकून चहा अंगावर सांडला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

८ मार्च, शनिवार

हात ठणकतोय, तरी लिहितो, म्हणजे खरं काय झालं ते राहील.

रंगारी आला. पाहुणा म्हणून त्याला आधी बोलायचा मान दिला. ती माझी चूक. पहिल्याच प्रश्नाला, सर्वांत उष्ण ग्रह कोणता, हा धडधडीत म्हणाला, शुक्र. बारकी म्हणाली गुरू. हिने डब्यावर बोट आपटलं आणि गप्प बसली. मी म्हटलं, ‘बोल की.’ ही म्हणाली, ‘मला नाही येत.’ आई म्हणाली मंगळ. उरला बुध. मी म्हटलं बुधच! सूर्याला चिकटून बसलाय, तो नाही तापणार तर कोण तापणार? आणि कोटवाला म्हणाला, शुक्र.

रंगारी हसला. नुसता हसला असता तर सोडलं असतं. पण तो हिच्याकडे बघून म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला येत होतं वाटतं.’ परक्या माणसाने माझ्या बायकोला काय येतं ते मला सांगायचं?

स्टूल उचललं आणि घातलं. त्याच्या नाकातून जे रक्त आलं ते सतरंजीवर, भिंतीवर, हिच्या शिवणावर. तो मागे पडला तो भांड्यांच्या कपाटावर, आणि कपाटाची काच गेली. खाली पडलेल्याला मी आणखी दोन लाथा घातल्या. आई ‘अरे बाळा, पुरे, पुरे’ करत होती. बारकी उठून स्वयंपाकघरात गेली. ती अशीच, जरा काही झालं की पळ काढते.

तो गेल्यावर हिला विचारलं, तुला का नाही आलं? तुझ्यामुळे माझं उत्तर चुकलं. ही काही बोलेना. न बोलणं म्हणजेसुद्धा उत्तरच असतं. तिला कपाटाच्या दारावर ढकललं, तर दाराची कड हनुवटीला लागली. काच आधीच गेली होती हे नशीब.

९ मार्च, रविवार

कपाटाला नवी काच बसवली. ह्या घरातली एकही काच जुनी नाही, सगळ्या मी माझ्या हाताने बसवलेल्या. रंगाऱ्याच्या बायकोने येऊन जिन्यात आरडाओरडा केला. त्याचं नाक वाकडं बसलंय म्हणे. मी म्हटलं, आधी कुठे सरळ होतं? दार लावून घेतलं. मला हसू आलं. घरात कुणी हसलं नाही. ह्या घरातल्या बायकांना विनोद कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज डबा फेकला. सहन करायलाही मर्यादा असते. टीव्हीचा आवाज मी मोठा ठेवतो, तरी ती टकटक त्यातूनही येते. तीनदा टक टक टक झाली आणि मी उठून डबा भिंतीवर मारला. घरभर बटणं. बारकी आणि आई गुडघ्यांवर बसून वेचत होत्या. हिला सांगितलं, पुन्हा बोट वाजलं तर बोट राहणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दोन दिवस सगळं बिघडलं आहे. टकटक बंद, पण डोकं चालेना. काल पाचांतले चार चुकलो. तिघी एकमेकींकडे बघतात, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. आई तर ‘आधी तू सांग बाळा’ म्हणाली. मी शेवटी बोलतो हे तिला एवढ्या वर्षांत कळलं नाही?

आणि आज. मधमाशीला डोळे किती? बारकी पटकन म्हणाली, पाच. म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ही म्हणाली, ‘अगं, नीट विचार कर, बदल तू.’ मी म्हटलं, बदलायचं नाही, बोललेलं बोललं. मला चार घ्यावे लागले. कोटवाला म्हणाला, पाच.

म्हणजे बारकीने माझं उत्तर पळवलं. शाळेत शिकवलं असेल, तर ते घरी आल्यावर बापासमोर नाचवायचं का? मी विचारलं, ‘मला माहीत नव्हतं असं वाटतं तुला?’ ती म्हणाली, ‘नाही बाबा.’ ‘मग मला हसतेस का?’ ती हसत नव्हती, पण तिचा चेहरा असा काही होता की मला तो हसल्यासारखा वाटला.

एक ठेवून दिली. उघड्या हाताने, कानाखाली म्हणतात तशी, पण ती वळली म्हणून कानावरच बसली. ती सोफ्यावर आडवी झाली. उठली तर कान धरून डोकं हलवत होती, पाणी गेल्यासारखं. मग दुसरी दिली, कारण एकीने भागलं नव्हतं. हिने मध्ये हात घातला, तिचा हात पिरगाळून बाजूला केला. आईने टीव्ही बंद केला. माझा टीव्ही, माझ्या परवानगीशिवाय.

१५ मार्च, शनिवार

बारकीच्या उशीवर थोडं रक्त, थोडं पिवळं. नखाने खाजवलं असेल.

मीच हिला डबा परत दिला. बटणं सगळी आत होती, पत्रा तेवढा चेपला होता, तो मी ठोकून सरळ केला. म्हटलं, ‘वाजव बाई. त्या टकटकीची सवय झाली आहे, तिच्याशिवाय डोकं चालत नाही.’ हिने डबा घेतला. माणसाने मन मोठं ठेवावं. हे बायकोला कोण सांगतं? कोणी नाही. मी सांगतो.

१७ मार्च, सोमवार

फोनवरची निवड आजपासून. रोज कार्यक्रमाच्या शेवटी एक प्रश्न, आठवडाभर. बरोबर उत्तराचा आकडा फोनवर दाबायचा.

ही दुपारी बारकीला घेऊन बाहेर गेली होती. शेजारणीने सांगितलं. मी विचारलं, कुठे? तर म्हणे बटणं आणायला. डबा भरलेला असताना! आणि बारकीच्या डाव्या कानात कापूस. आता हे नाटक चालणार. काल मी मागून हाक मारली तर वळलीसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन ओरडलो तेव्हा बाईसाहेब दचकल्या.

१८ मार्च, मंगळवार

डब्याची टकटक परत आली, तरी आज पुन्हा घात झाला. सर्वांत हलका धातू कोणता? बारकी नेहमीसारखी हिच्या उजव्या हाताला बसली होती. हिने डबा वाजवला, दोनदा. आईने मान हलवली. आणि बारकी कुठेतरी दुसरीकडेच बघत असल्यासारखी म्हणाली, लिथियम. हिचा चेहरा पांढरा पडला. मला कळलं की पोरीने पुन्हा माझं उत्तर पळवलं आहे.

मी उठलो. ह्या वेळी आई मध्ये आली. सरळ बारकीच्या अंगावर पडली आणि तिला झाकून बसली. मी आईला मारत नाही. कधीच मारलेलं नाही. तिला फक्त बाजूला करायचं होतं. मनगट धरून पिरगाळलं आणि ओढलं, तर काडी मोडल्यासारखा आवाज झाला. म्हातारी माणसं आतून ठिसूळ झालेली असतात. काचेचं तसंच असतं, जुनी काच हिऱ्याची रेघ नीट घेत नाही, कशीही फुटते.

आई ओरडली नाही. म्हणाली, ‘झालं ना? आता बस. तुझा शेवटचा प्रश्न राहिलाय.’

खरंच राहिला होता. ही आणि आई बोलल्या, बारकीला मी गप्प बसवलं, दोन उत्तरं उरली. त्यांतलं एक दाबलं. देव पाठीशी आहे, बरोबर निघालं.

२० मार्च, गुरुवार

आईच्या हाताला प्लास्टर. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीघरात घसरली. ‘हो,’ म्हणाली आई, ‘आमची फरशी फार निसरडी आहे.’

बारकी आता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसते. मी विचारलं, का गं, जागा का बदललीस? ही म्हणाली, ‘तिथे वारा छान लागतो.’ असो. तेव्हापासून सगळं सुतासारखं सरळ चाललंय. तिघी चुकतात, मी सांगतो. फोनवरही एकही चुकलो नाही.

३१ मार्च, सोमवार

आला! त्यांचा फोन आला! मी दुकानात पाय रोवून दर्शनी काच बसवत होतो, ती हातातून सुटता सुटता राहिली. समोर रंगारी बसला होता, नाकावर पट्टी. त्याच्यासमोर मोठ्याने बोललो. तो उठून आत गेला.

बरोबर घरचं एक माणूस न्यायचं असतं. ते मागच्या उंच खुर्चीवर बसतं आणि एकदाच, एकाच प्रश्नाला, त्याचा सल्ला घेता येतो. ‘घरचा आवाज’ म्हणतात त्याला. आईच्या हाताला प्लास्टर. बारकीला हाक ऐकू येत नाही की मुद्दाम येत नाही, कळत नाही. राहिली ही. हिला येत काहीच नाही, पण दिसते बरी, आणि गप्प बसते.

हिने बारकीला आपल्या बहिणीकडे ठेवायचं ठरवलं आहे, चार दिवस. मी म्हटलं ठेव. जाताना पोरीची बॅग बघितली तर थंडीचे कपडेसुद्धा भरलेले. चार दिवसांना! बायकांना सामान भरायचं कळत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज चित्रीकरण झालं. लिहिताना पेन कागदात घुसतंय. सुरुवातीपासून लिहितो.

तिथे आधी तोंडाला रंग लावतात. हिच्या हनुवटीवरचा डाग अजून गेला नव्हता. रंग लावणाऱ्या बाईने विचारलं, ‘हे कशाने?’ ही म्हणाली, ‘कपाटाचं दार.’ खोटं नव्हतं ते. बाईने एकावर एक थर दिले आणि मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग आम्हा दोघांच्या गळ्यापाशी एकेक माईक अडकवला, वाटाण्याएवढा, आणि तार कपड्यांतून कमरेच्या डबीला.

पहिले प्रश्न सोपे. बुद्धिबळाची घरं. मग काच कशापासून बनते, तेव्हा तर मी कोटवाल्यालाच सगळं समजावून सांगितलं, भट्टी, वाळू, सगळं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. कोटवाला म्हणाला, ‘वा, कारागीर आहात!’ त्या वेळी मला वाटलं, वडील असते तर आज त्यांनी काय केलं असतं? मला मारलं नसतं बहुधा.

मग आला तो प्रश्न. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? एक, नाक. दोन, पायाची करंगळी. तीन, कान. चार, बोटाचं टोक.

मी थांबलो. माझ्या आधी कुणी बोलेना. तिथे कुणी बोलणारच नव्हतं. चारही उत्तरं तशीच समोर उभी, एकही कमी झालेलं नाही, आणि माझ्या डोक्यात नुसती शिट्टी वाजत होती. मागून हिच्या खुर्चीच्या हातावर टक टक टक झालं. म्हटलं, इथेही खोड जात नाही हिची.

शेवटी म्हणालो, घरचा आवाज घेतो. कोटवाल्याने हिला विचारलं. ही सरळ समोर बघून म्हणाली, ‘कान.’

‘नक्की?’ कोटवाल्याने विचारलं.

‘नक्की. कानात आत असतं. तांदळाच्या दाण्याहून लहान. मी पाहिलंय चित्रात.’

आता माझ्या जागी कोणीही असता तर काय केलं असतं? ही बाई जन्मभर चुकत आली आहे. माझ्यासमोर हिचं एक उत्तर बरोबर निघालेलं नाही. हिने कान म्हटलं म्हणजे कान नाही, एवढं तर पक्कं. शिवाय कानात कसलं हाड? कान पिरगाळून बघा, नुसतं मांस. मी मनात म्हटलं, चला, एक गेलं. तीन उरले. आणि मोठ्याने म्हणालो, ‘पायाची करंगळी.’

कोटवाला म्हणाला, ‘घरचा आवाज नाही मानणार?’

‘नाही. हिचं नेहमी चुकतं.’

लोक हसले. मग दिवे बदलले, आणि कोटवाल्याने मान हलवली, आणि म्हणाला, ‘कान. तुमच्या घरचा आवाज बरोबर होता.’ सगळे लोक हिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. हिच्यासाठी! मी उभा आणि टाळ्या तिला.

बाहेर आलो. एका मुलीने माझा माईक काढून घेतला. हिचा काढायला गेली तर ही म्हणाली, ‘राहू दे, देते मी नंतर.’ वस्तू वेळेवर परत करायचीही अक्कल नाही.

तिथून एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. कुणी नव्हतं. मी हिला भिंतीला लावलं. विचारलं, ‘कानात हाड असतं हे तुला कुणी सांगितलं?’

‘कानाच्या डॉक्टरांनी. बारकीला दाखवायला नेलं होतं.’

‘कशाला नेलं होतंस?’

‘तुम्हीच सांगा. तुम्ही तिला कोणत्या कानावर मारलंत?’

‘डाव्या! आणि उजव्यावरही मारीन!’

‘कशासाठी मारलंत?’

‘माझं उत्तर पळवलं म्हणून!’

‘आणि आईंचं मनगट कुणी मोडलं?’

‘मी मोडलं! मी! मध्ये कशाला आली ती?’

ही अशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती की माझा संताप आणखी वाढला. घरी हिचा आवाज घशाबाहेर येत नाही. आणि इथे मला प्रश्न विचारते! मी सगळ्यांची उत्तरं दिली, एकही चुकलो नाही.

‘आणि आता काय करणार?’ तिने विचारलं.

‘घरी चल, मान मोडतो तुझी,’ म्हटलं, आणि घरापर्यंत धीर धरवला नाही. गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, आणि पुन्हा. तिचे पाय जमिनीवर सरकत होते. तिने माझे हात धरले नाहीत. एका हाताने गळ्याजवळची ती वाटाण्याएवढी वस्तू मुठीत धरून ठेवली होती, पडू नये म्हणून.

मग दारं उघडायला लागली. सगळीकडून. पहिला धावत आला तो कानाला मोठे हेडफोन लावलेला आवाजवाला, मागे रंग लावणारी बाई, मागे पहारेकरी, आणि शेवटी कोटवाला, कोट न घातलेला. पहारेकऱ्यांनी मला खाली पाडलं, एकाचा गुडघा माझ्या मानेवर. एकाचं बोट मी चावलं, त्याचं रक्त तोंडात आलं. ही भिंतीला धरून उठली. आवाजवाला म्हणाला, ‘बाई, सगळं ऐकलं आम्ही. सगळं नोंदलंय.’ ही म्हणाली, ‘माहीत आहे.’ डोक्यामागून रक्त मानेवर उतरलं होतं. त्या बाईने तिला धरून नेलं. जाताना हिने माईक काढून आवाजवाल्याच्या हातात दिला.

नवराबायकोचं खासगी बोलणं चोरून ऐकतात, ह्याला काय म्हणायचं?

१२ एप्रिल, शनिवार

पोलिसांनी त्या रात्रीपासून ठेवून घेतलं होतं, मागची पानं तिथेच बाकावर बसून लिहिली, आज सोडलं. हिच्या आणि बारकीच्या आसपास फिरायचं नाही असं बजावून. तिथे मला माझंच बोलणं ऐकवलं. पोलीसबाईने विचारलं, आवाज तुमचाच ना? आवाज स्वच्छ आला होता, नाही म्हणायला जागा नव्हती.

दुकानासमोरून गेलो. कुणीतरी काच फोडली आहे. रंगारी आपल्या पायरीवर बसून चहा पीत होता, माझ्याकडे बघत नव्हता. घरी येऊन मी हिचं शिलाईचं यंत्र उचललं आणि जिन्यावरून खाली टाकलं. मग रेडिओ. शेजारी दारं किलकिली करून बघत होते. आईने फक्त बटणांचा डबा उचलून फळीवर ठेवला.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज आमचा भाग दाखवणार होते. दाखवला नाही. दुसऱ्याच कुणाचा दाखवला. मी नवा सदरा घालून बसलो होतो.

म्हटलं ठीक आहे, निदान खेळू. आई आणि मी. प्रश्न पडला. मी म्हटलं, ‘आई, बोल.’

‘मला काय येतंय?’

‘रोज बोलतेस ना?’

‘रोज डबा वाजायचा,’ आई म्हणाली. ‘ती वाजवायची, जितक्या वेळा वाजवायची त्या आकड्याचं उत्तर आम्ही सोडायचो. बाकीची तिघी वाटून घ्यायचो. तुझ्यासाठी उरवायचो. नवीन लग्न होऊन आली त्या वर्षी मीच शिकवलं तिला. तुझ्या वडिलांच्या वेळी मी बांगड्या वाजवायचे.’

मी म्हटलं, ‘खोटं बोलतेस.’

‘बरं. खोटं बोलते.’

‘मला सगळं येतं!’

‘येतं ना. मग सांग.’

पडद्यावर चार पर्याय होते. कोटवाला वाट बघत होता. मी हात उगारला. आईने प्लास्टरचा हात डोक्यावर नेला नाही की तोंड फिरवलं नाही. बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी ताप आला की बघायची तशी. मग मी टीव्हीशेजारच्या खिडकीत मूठ घातली. माझीच काच, माझ्याच हाताने बसवलेली. मनगटापासून कोपरापर्यंत उघडलं. आईने उशीचा अभ्रा फाडून एका हाताने आणि दातांनी बांधून दिलं. बांधून झाल्यावर उठली, पलंगाखालून पिशवी काढली. पिशवी भरलेलीच होती.

‘तूसुद्धा?’ मी म्हटलं.

‘तिचं डोकं अजून दुखतं रे,’ आई म्हणाली. ‘तिला कुणीतरी हवं ना करायला.’

फुटलेल्या खिडकीतून बघितलं. खाली बारकी आजीला न्यायला उभी होती, मावशीबरोबर. मी हाक मारली, ‘बारके!’ तिने वर बघितलं नाही. पुन्हा मारली. जीव खाऊन मारली. रस्त्यावरचे सगळे लोक वर बघायला लागले, ती सोडून. डावी बाजू माझ्याकडे होती तिची. मला बराच वेळ वाटत होतं की ती मुद्दाम करते आहे.

१९ एप्रिल, शनिवार

खिडकीला पुठ्ठा लावला. काच कापायला बसलो होतो, पण बांधलेल्या हाताने रेघ वाकडी जाते.

कार्यक्रमाच्या वेळी टीव्ही लावला. सोफा रिकामा. मी माझ्या खुर्चीत. कोणता पक्षी मागच्या दिशेनेही उडू शकतो? एक, दोन, तीन, चार. मी नियमाप्रमाणे थांबलो. आधी लहानांनी बोलायचं.

मग फळीवरचा डबा काढून मांडीवर घेतला. आई खोटंच बोलत होती, पण म्हटलं वाजवून बघू. बोट वाजवलं. एकदा. दोनदा. तीनदा. चारदा. कुठे थांबायचं ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. कोटवाला म्हणाला, वेळ संपत आली. चारही उत्तरं उरली होती, आणि मी डबा वाजवत बसलो होतो.